न्यू जर्सीतील स्कूल बोर्डाची निवडणूक : नव्याने आलेल्या मराठी पालकांनी उमेदवार कसे पारखावेत

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की न्यू जर्सीतील गावागावांत घरांसमोरच्या हिरवळीवर निवडणुकीचे छोटे फलक दिसू लागतात. त्यांपैकी काहींवर पक्षाचे नाव नसते. दोन-तीन उमेदवारांची नावे आणि ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ एवढाच मजकूर असतो. भारतातून नुकत्याच आलेल्या पालकांचे या फलकांकडे फारसे लक्ष जात नाही. केवळ शाळांचा कारभार पाहण्यासाठी लोकांनी निवडून दिलेले मंडळ असावे, ही व्यवस्थाच आपल्याला अपरिचित असते. महाराष्ट्रात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली आणि तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, परंतु त्या समितीला कर ठरवता येत नाही. न्यू जर्सीतील स्कूल बोर्ड मात्र गावाच्या शालेय कराची रक्कम ठरवते, शाळांचा प्रमुख अधिकारी म्हणजे सुपरिंटेंडंट नेमते आणि शिक्षकांशी वेतनकरार करते. त्यामुळे आपल्या मुलाच्या वर्गात किती मुले बसतील आणि आपण किती प्रॉपर्टी टॅक्स भरू, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या मंडळाच्या टेबलावर लिहिली जातात. या निवडणुकीत कसे लक्ष घालावे आणि उमेदवारांनी सांगितलेले प्राधान्यक्रम कसे वाचावेत, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : आपल्याला मताधिकार आहे का, हे निश्चित करा

न्यू जर्सीत स्कूल बोर्डासाठी मत देण्याचा अधिकार केवळ अमेरिकी नागरिकांना आहे. एच-वन-बी, एल-वन किंवा एच-फोर व्हिसावर असलेल्यांना तो नाही, आणि ग्रीन कार्ड असलेल्यांनाही नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डासाठी मत देता येते, हे आपल्यापैकी काहींनी ऐकलेले असते. ती त्या शहराची स्वतंत्र तरतूद आहे, न्यू जर्सीला ती लागू नाही. येथे एक सावधगिरी कळकळीने सांगावीशी वाटते. २०१८ पासून या राज्यात वाहन परवान्याच्या कार्यालयातच मतदार नोंदणीची प्रक्रिया आपोआप सुरू होते, आणि ती नाकारण्याचा पर्याय तेथेच दिलेला असतो. नागरिक नसलेल्या व्यक्तीने तो पर्याय नीट वाचून नोंदणी नाकारलीच पाहिजे, कारण चुकून झालेली नोंदणी आणि त्याहून अधिक चुकून दिलेले मत पुढे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी अत्यंत गंभीर ठरू शकते. अशी नोंद आधीच झाल्याचे लक्षात आले, तर इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

नागरिक असाल तर मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत नोंदणी करता येते. नागरिक नसाल तरीही हा लेख येथेच मिटवू नका. बोर्डाच्या बैठकीला बसणे, तेथे बोलणे, अंदाजपत्रक मागून वाचणे आणि उमेदवाराला प्रश्न विचारणे यांसाठी नागरिकत्व लागत नाही, आणि मुलाच्या शिक्षणाचा हक्कही त्यावर अवलंबून नाही. पालकांची कागदपत्रे कशीही असोत, मुलाला सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच टेक्सासमधील खटल्यात ठरवून दिले आहे.

दुसरी पायरी : आपला डिस्ट्रिक्ट कोणता, ते शोधा

येथे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. न्यू जर्सीत सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि पुष्कळदा एका टाउनशिपचा एक डिस्ट्रिक्ट असतो. काही ठिकाणी दोन किंवा अधिक गावांचा मिळून एक असतो, जसा वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो यांचा आहे. तर काही ठिकाणी प्राथमिक शाळा गावाच्या आणि हायस्कूल प्रादेशिक डिस्ट्रिक्टचे, अशी विभागणी असते, आणि मग दोन वेगवेगळ्या बोर्डांचे उमेदवार मतपत्रिकेवर दिसतात. टपालाचा पत्ता आणि टाउनशिप यांतही फरक असू शकतो, म्हणून प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरचे नाव पाहावे. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला किंवा टाउनशिपच्या क्लार्कला विचारावे.

बहुतेक बोर्डांत नऊ सदस्य असतात. त्यांची मुदत तीन वर्षांची असते आणि दरवर्षी साधारण तीन जागांची निवडणूक होते, म्हणजे संपूर्ण बोर्ड एकाच वर्षी कधीही बदलत नाही. सदस्यांना वेतन मिळत नाही. पूर्वी ही निवडणूक एप्रिलमध्ये होत असे आणि तिला फार थोडे लोक येत. २०१२ च्या कायद्याने ती नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेण्याची मुभा दिली आणि बहुसंख्य डिस्ट्रिक्टनी ती स्वीकारली. नेवार्कसारख्या काही ठिकाणी मात्र ती अजून एप्रिलमध्येच होते; तेथे २०२५ पासून १६ आणि १७ वर्षांच्या मुलामुलींनाही स्कूल बोर्डासाठी मत देता येऊ लागले आहे.

तिसरी पायरी : बोर्डाच्या हातात काय आहे आणि काय नाही

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे. उमेदवाराचे आश्वासन चांगले की वाईट हे ठरवण्याआधी, ते पाळणे त्याच्या अधिकारात आहे का, हे कळले पाहिजे.

माझी मुलगी तिसरीत असताना मी पहिल्यांदा बोर्डाच्या बैठकीत बोलले. एका वर्गशिक्षिकेबद्दलची तक्रार मी तयारीने लिहून नेली होती आणि मिळालेल्या तीन मिनिटांत ती वाचून दाखवली. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हा विषय आधी मुख्याध्यापकांकडे, नंतर सुपरिंटेंडंटकडे न्यावा, असे सांगितले. त्या रात्री मला ते टाळणे वाटले. पुढे राज्याच्या कायद्यातील बोर्ड सदस्यांसाठीची आचारसंहिता वाचली, तेव्हा त्या उत्तरामागचे कारण समजले. शाळा चालवणे हे सदस्याचे काम नाही, त्या नीट चालवल्या जात आहेत याची सर्वांनी मिळून खातरजमा करणे हे त्याचे काम आहे, असे त्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे. धोरण, नियोजन आणि मूल्यमापन एवढीच त्याची हद्द आहे. शिवाय एकट्या सदस्याला काहीच अधिकार नसतो. जो काही अधिकार आहे तो बैठकीत बसलेल्या बोर्डाचा, बहुमताचा असतो.

या हद्दीत राहूनही बोर्ड पुष्कळ काही करते. ते सुपरिंटेंडंटची नेमणूक करते, दरवर्षी त्याच्या कामाचे मूल्यमापन करते आणि त्याचा करार वाढवायचा की नाही हे ठरवते; माझ्या मते बोर्डाचा सर्वांत दूरगामी निर्णय हाच असतो. ते अंदाजपत्रक मंजूर करते, शिक्षक संघटनेशी वेतन आणि सुविधांचा करार करते, शाळांच्या हद्दी आखते, वार्षिक दिनदर्शिका ठरवते, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके स्वीकारते, आणि मोबाइल, गृहपाठ, उपस्थिती, शिस्त यांविषयीची धोरणे लिहिते.

याउलट, कोणत्या इयत्तेत काय यावे याची मानके राज्य ठरवते आणि राज्याच्या चाचण्याही राज्यच ठरवते. २०२० मध्ये हवामानबदलाचा विषय अनेक विषयांच्या मानकांत आला, २०२२ मध्ये आशियाई-अमेरिकी समाजाचा इतिहास शिकवण्याचा कायदा झाला. हे दोन्ही निर्णय राज्याचे आहेत आणि कोणतेही स्थानिक बोर्ड ते रद्द करू शकत नाही. शिक्षक किंवा मुख्याध्यापक यांची नेमणूक, बदली वा पुनर्नियुक्ती बोर्ड सुपरिंटेंडंटच्या शिफारशीवरच करते. म्हणून ‘अमुक मुख्याध्यापकांना मी हटवीन’ किंवा ‘राज्याच्या चाचण्या मी बंद करीन’ असे सांगणारा उमेदवार एकतर त्या पदाची माहिती न घेता उभा आहे किंवा मतदाराला ती नसेल असे गृहीत धरून बोलत आहे.

चौथी पायरी : निवडणुकीच्या प्रचाराआधी अंदाजपत्रक वाचा

प्रत्येक डिस्ट्रिक्टला अंदाजपत्रकाचा सोप्या मांडणीतला सारांश प्रसिद्ध करावा लागतो. तो ‘यूजर-फ्रेंडली बजेट’ या नावाने डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर मिळतो. एका संध्याकाळी चहा घेऊन तो समोर ठेवला तर तासाभरात मुख्य गोष्टी कळतात. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. स्थानिक करातून किती, राज्याच्या अनुदानातून किती आणि केंद्राकडून किती पैसा येतो, हे आधी पाहावे. नंतर चालू वर्ष आणि त्याआधीचे वर्ष शेजारी ठेवून वेतन, आरोग्य विमा, विशेष शिक्षण आणि बसवाहतूक हे चार आकडे कसे हलले, ते पाहावे.

दोन गोष्टी समजल्या की बाकीचे आकडे आपोआप बोलू लागतात. पहिली म्हणजे २०१० च्या कायद्याने घातलेली मर्यादा. शाळेसाठी गोळा करायची एकूण कररक्कम बोर्डाला वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. आरोग्य विमा, विद्यार्थिसंख्येतील वाढ अशा काही कारणांसाठी थोडी सवलत आहे, त्यापलीकडे जायचे असेल तर मतदारांची मंजुरी लागते. दुसरी म्हणजे राज्याचे अनुदान. २०१८ च्या कायद्याने त्याचे वाटप काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलले. त्यात कित्येक डिस्ट्रिक्टचे अनुदान वाढले, तर कित्येकांचे वर्षानुवर्षे घटत गेले. आपला डिस्ट्रिक्ट यांपैकी कोणत्या गटात आहे, हे माहीत नसताना उमेदवाराच्या खर्चाच्या आश्वासनांना अर्थ उरत नाही.

प्रत्यक्ष घरावर याचा भार किती, ते ढोबळमानाने काढता येते. राज्यातील सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये प्रथमच वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेला, आणि राज्यभराचा हिशेब पाहिला तर त्यातील निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा शाळांसाठी जातो. म्हणजे अशा घराचा शालेय कर सुमारे ५,००० डॉलर धरला, तर २ टक्के वाढ ही वर्षाला १०० डॉलरच्या आसपास येते. कर वाढू न देण्याचे वचन देणारा उमेदवार अशा घराचे वर्षाला साधारण एवढेच वाचवतो. त्याच वेळी वेतनकरार आणि विम्याचा खर्च वाढत असतो, त्यामुळे ती तूट शिक्षकांच्या जागा कमी करून, वाद्यवृंद किंवा खेळ आटोपते घेऊन किंवा बसच्या फेऱ्या कमी करून भरावी लागते. काही कुटुंबांना, विशेषतः निवृत्त झालेल्यांना, १०० डॉलरही जड असतात आणि त्यांचे म्हणणे तितक्याच आदराने ऐकले पाहिजे. उमेदवाराने मात्र तूट कोठून भरणार, ते सांगितलेच पाहिजे.

पाचवी पायरी : प्राधान्यक्रमातला क्रम शोधा

प्रचारपत्रकावर साधारणपणे तीन-चार वाक्ये असतात. मुलांची सुरक्षितता, उत्कृष्ट शिक्षण, करदात्यांच्या पैशाचा जबाबदार वापर, पारदर्शकता. यांच्या विरोधात कोणीच नसल्यामुळे ही वाक्ये दोन उमेदवारांतील फरक सांगत नाहीत. प्राधान्यक्रम या शब्दात क्रम आहे, आणि दुसऱ्या स्थानावर काय ठेवले हे कळल्याशिवाय पहिल्या स्थानाला अर्थ येत नाही. म्हणून उमेदवाराला एकच प्रश्न विचारता आला, तर तो असा विचारावा : ‘पुढच्या वर्षी पैसे कमी पडले तर आपण शेवटपर्यंत काय वाचवाल, आणि सर्वांत आधी कशाला हात लावाल?’ या प्रश्नाला एखादा उमेदवार नेमके उत्तर देतो, एखादा विचार करायला वेळ मागतो, एखादा ‘प्रशासनातील उधळपट्टी थांबवीन’ असे म्हणतो. शेवटच्याला पुढचा प्रश्न विचारावा की अंदाजपत्रकात प्रशासनाचा हिस्सा किती आहे आणि त्यातील कोणती रक्कम त्याच्या मनात आहे.

त्याखालोखाल आपल्या गावातील खऱ्या वादाचा विषय कोणता, तो ओळखावा. मिडलसेक्स आणि सॉमरसेट काउंटीतील, जेथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, अशा गावांत पुष्कळदा तो शाळांमधील गर्दी आणि हद्दींचा असतो. नवी घरे बांधली जातात, एक शाळा भरते, दुसरीत जागा असते, आणि हद्द सरकवली की आजवर चालत शाळेत जाणाऱ्या मुलाला बसमध्ये बसावे लागते. नवी इमारत कर्ज काढून बांधायची तर सार्वमत घ्यावे लागते आणि ते नापास झाले की वर्गखोल्यांचा प्रश्न पुन्हा बोर्डापुढे येतो. हद्दी कोणत्या तत्त्वावर आखणार, अंतरावर, शाळेच्या क्षमतेवर की भावंडांना एकत्र ठेवण्यावर, हे उमेदवाराला विचारता येते आणि त्याला त्याचे उत्तर देता आलेही पाहिजे.

अभ्यासाचा ताण हा दुसरा विषय, आणि तो आपल्या समाजाला थेट भिडणारा आहे. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडंटनी पालकांना १६ पानी पत्र लिहून मुलांवरील ताणाबद्दल चिंता व्यक्त केली. हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद करणे, चौथी-पाचवीतील प्रगत गणिताचे वर्ग पुढे ढकलणे, काही रात्री गृहपाठ न देणे असे बदल तेथे करण्यात आले. पालकांत उभी फूट पडली. आशियाई वंशाच्या अनेक पालकांना, ज्यांत चिनी आणि भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती, यात शिक्षणाची पातळी खाली आणल्यासारखे वाटले. इतर अनेकांना हे फार आधी व्हायला हवे होते असे वाटले. परीक्षेच्या बळावर येथवर पोहोचलेल्या आईवडिलांची ती भीती मला परकी वाटत नाही, आणि झोप न मिळणारी मुलेही मी जवळून पाहिली आहेत. म्हणूनच उमेदवाराला ‘आपण गुणवत्तेच्या बाजूचे की मानसिक आरोग्याच्या?’ असे विचारू नये. प्रगत गणिताच्या वर्गात प्रवेश कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या निकषावर द्यावा, एकदा प्रवेश न मिळालेल्या मुलाला पुन्हा संधी कधी मिळावी, आणि शाळेत किती मुलांमागे एक समुपदेशक आहे, असे मोजून उत्तर देता येतील असे प्रश्न विचारावेत.

सुट्ट्यांचा विषय तुलनेने सोपा आहे. एडिसन आणि साउथ ब्रन्सविकसारख्या डिस्ट्रिक्टमध्ये दिवाळीला शाळा बंद असतात आणि आपल्या गावातही तसे व्हावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. राज्याच्या नियमानुसार वर्षात किमान १८० दिवस शाळा भरली पाहिजे, त्यामुळे एक सुट्टी वाढली की एक दिवस दुसरीकडून, बहुधा जूनच्या अखेरीकडून, आणावा लागतो. उमेदवाराची या विषयावरची भूमिका जरूर विचारावी, परंतु केवळ त्या एका उत्तरावर मत देऊ नये, कारण सुट्टी एका दिवसाची असते आणि सदस्य तीन वर्षांसाठी निवडला जातो.

आपल्या मुलाला लागू नसलेल्या विषयांकडेही पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचे वैयक्तिक शैक्षणिक आराखडे वेळेवर होतात का, नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी पुरेसे शिक्षक आहेत का, ग्रंथालयातील पुस्तकांवर आक्षेप आला तर निर्णय कोण आणि कसा घेईल, या प्रश्नांवरून उमेदवार संपूर्ण डिस्ट्रिक्टचा विचार करतो की स्वतःच्या मुलांच्या शाळेचाच, हे लवकर लक्षात येते.

सहावी पायरी : उमेदवाराची माहिती जमवा

उमेदवारी अर्ज जुलैच्या शेवटच्या सोमवारपर्यंत भरायचे असतात, म्हणून ऑगस्टपासून काउंटी क्लार्ककडे नावे मिळू लागतात. उमेदवार नागरिक, नोंदणीकृत मतदार आणि किमान एक वर्षापासून त्या डिस्ट्रिक्टचा रहिवासी असावा लागतो. आधीपासून सदस्य असलेल्या उमेदवाराबाबत त्याच्या भाषणांपेक्षा बैठकांची इतिवृत्ते महत्त्वाची आहेत. अंदाजपत्रक, सुपरिंटेंडंटचा करार आणि हद्दबदल या तीन ठरावांवर त्याने कसे मत दिले, ते तेथे लिहिलेले असते. नव्या उमेदवाराने आजवर बैठकांना हजेरी लावली आहे का, पालक-शिक्षक संघटनेत किंवा एखाद्या समितीत काम केले आहे का, ते विचारावे. ऑक्टोबरमध्ये अनेक गावांत ‘लीग ऑफ विमेन वोटर्स’सारख्या संस्था सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर आणतात, त्या सभेला जमल्यास प्रत्यक्ष जावे. उमेदवाराला पैसा कोठून आला, याचे अहवाल राज्याच्या निवडणूक खर्च आयोगाकडे दाखल होतात आणि ते कोणालाही पाहता येतात. शिक्षक संघटनेचा पाठिंबा हे गुण किंवा दोष म्हणून घेऊ नये; परंतु त्याच संघटनेशी बोर्डाला वेतनकरार करायचा असतो, हे लक्षात ठेवून प्रश्न विचारावेत.

मराठी आडनाव दिसले म्हणून मत देण्याचा मोह होतो, तो मलाही झाला आहे. त्या उमेदवारालाही वरचेच प्रश्न विचारावेत.

सातवी पायरी : मत द्या

नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर स्कूल बोर्डाच्या उमेदवारांना पक्षाचे नाव नसते आणि ते पक्षांच्या रांगांपासून वेगळ्या भागात असतात, त्यामुळे वरच्या पदांसाठी मत देऊन बाहेर पडणाऱ्यांकडून हा भाग राहून जातो. घरी टपालाने येणाऱ्या नमुना मतपत्रिकेवर तो भाग आधीच शोधून खूण करून ठेवावी. तीन जागा असतील तर तीनपर्यंत मते देता येतात; दोनच उमेदवार पटले असतील तर दोनच द्यावीत, त्याने मतपत्रिका बाद होत नाही. टपालाने, नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीच्या नऊ दिवसांच्या मुदतपूर्व मतदानात किंवा प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी सकाळी ६ ते रात्री ८ या वेळेत मत देता येते.

आठवी पायरी : जानेवारी ते मे

नवे सदस्य जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील पुनर्रचना बैठकीत शपथ घेतात आणि अध्यक्ष निवडला जातो. त्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये राज्याच्या अनुदानाचे आकडे येतात, मार्चमध्ये प्राथमिक अंदाजपत्रक मांडले जाते आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाहीर सुनावणी होते. बोर्डाच्या प्रत्येक सभेत नागरिकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. बोलताना नाव आणि गाव सांगावे लागते. व्हिसा कोणता, असे तेथे कोणी विचारत नाही. ऑक्टोबरच्या सभेत ज्यांनी ज्या गोष्टी वाचवण्याचे सांगितले होते, त्यांची टिपणे जपून ठेवावीत आणि या सुनावणीला सोबत न्यावीत, कारण त्या संध्याकाळी त्याच गोष्टींसमोर आकडे लिहिलेले असतात आणि सदस्यांना एकेक करून होय किंवा नाही म्हणावे लागते.